सरावाची प्रत

६ एप्रिल

ती. दादा,
नमस्कार.

पाच महिने पत्र नाही, याबद्दल आधी माफी. कामात होते असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. रागावले होते. तेही अर्धंच खरं. राग जानेवारीतच संपला, मग संकोच उरला आणि तो रागापेक्षा चिवट निघाला. फोनवर आपण दोघंही हवापाण्याचं बोलतो आणि "बाकी ठीक" म्हणून ठेवून देतो. म्हणून लिहिते.

काल बॅच गेली. या वेळी मका, भोपळा आणि जवस यांचे पैदासकार होते. पंधरा दिवस माझ्यासमोर बसून आपापल्या वाणांच्या नोंदी वहीतून सॉफ्टवेअरमध्ये कशा आणायच्या ते शिकले. जवसवाले गृहस्थ निघताना म्हणाले, "मॅडम, इतक्या वर्षांनी तुमच्यामुळे कळलं की माझ्या दोन वाणांचा बाप एकच आहे." मागून कोणीतरी म्हणालं, "सर, आता घरीही एकदा तपासून घ्या." सगळे हसले, मीही हसले. मग गाडी आली आणि अर्ध्या तासात वसतिगृह रिकामं झालं.

बॅच गेली की जेवणघरातल्या खुर्च्या टेबलांवर उलट्या चढवतात, एक सोडून. ती माझी. स्वयंपाकी विचारतो, "बाई, तुमच्या एकटीसाठी वेगळं करू, की सकाळचं चालवून घ्याल?" मी चालवून घेते.

त्यानंतरचं माझं काम म्हणजे पाटी पुसणं. सॉफ्टवेअरच्या सरावाच्या प्रतीत सगळ्यांनी मनाला येईल ते भरलेलं असतं. "मावशी" नावाच्या वाणाचा "काका"शी संकर, त्यातून निघालेली "भांडकुदळ", तिचं हेक्टरी उत्पन्न शून्य. हे सगळं एका बटणाने जातं आणि पुढच्या बॅचला कोरी प्रत मिळते. काल पुसली. या वेळी प्रत नेहमीपेक्षा बरीच भरलेली होती. मनात म्हटलं, बॅच मेहनती होती.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. नोव्हेंबरात तू का उठून गेलास? वहिनी जाऊन तीन महिने झाले होते. तुला घराबाहेर काढावं म्हणून मीच तुला माझ्या वर्गात ओढून आणलं. तू शेवटच्या बाकावर बसायचास, गप्प, पण बसायचास. आणि कोर्स संपायच्या आदल्या सकाळी खोली रिकामी, उशीवर चिठ्ठी: "पाणी द्यायचं राहिलंय, निघतो." तू माझा भाऊ आहेस हे वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं. मी दिवसभर हसून सांगत राहिले की वाटाण्याला पाणी लागतं. मला वाटलं, धाकट्या बहिणीकडून शिकणं तुला जड गेलं. चुकत असेन तर सांग. बरोबर असेन तरी सांग.

टॅब वापरतोस ना? वही बंद करीन असं वचन दिलं होतंस.

तुझी,
टिल्लू

•

१५ एप्रिल

प्रिय टिल्लू,
अनेक आशीर्वाद.

माफी मंजूर. शिक्षा म्हणून पुढचं पत्र याहून लांब लिही.

गेलो तो पाणी द्यायलाच गेलो. बहीण थांबते, वाटाणा थांबत नाही. तुझ्याकडून शिकणं कशाला जड जाईल? तुला सायकल मी शिकवली, तेव्हा तू मला दोनदा कुंपणावर घातलंस. हिशेब फिटला.

वचन पाळलं. या हंगामात वहीला हात लावला नाही. आधी फुलोरा, मग शेंगा, मग दाण्यांचं वजन, सगळं टॅबवर आणि सगळं मी स्वतः, चष्मा कपाळावर चढवून. मार्च संपताना ऑफिसात बसून एकदम वर पाठवलं. टॅब म्हणाला "पोचलं" आणि स्वतः रिकामा झाला. मला त्याचं कौतुक वाटलं. माणसाला नाही जमत तसं.

पण समितीचं पत्र आलंय की आमच्या केंद्राच्या नोंदी दाखलच नाहीत. कुठे अडकल्या ते तू बघून सांग. माझं पांढऱ्या फुलाचं वाण शेवटच्या पायरीवर आहे हे तुला ठाऊक आहे. या हंगामाच्या नोंदी आणि पुढच्या फुलोऱ्यात समितीची पाहणी, एवढं पार पडलं की ते शेतकऱ्यांकडे जाईल आणि मी निवृत्त होईन. अकरा वर्षं एकाच वाणामागे घालवली. संसारी माणसाने असं करू नये, पण तुझ्या वहिनीची तक्रार नव्हती.

घर ठीक. शेतात फिरताना ओळीच्या मध्येच उगीच थांबतो. काय ऐकायला थांबलो ते कळत नाही. मग पुढे जातो.

दादा

•

२१ एप्रिल

ती. दादा,

हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस.

खऱ्या प्रतीत तुझ्या केंद्राची एकही नोंद नाही. तुझ्या टॅबचा मार्ग शोधून काढला. तू सगळं सरावाच्या प्रतीत पाठवलंस. आणि ती प्रत मी बॅच गेली त्या दिवशी पुसली. सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे धावत गेले. तो म्हणाला, "बाई, खऱ्याची नक्कल ठेवतो आम्ही. सरावाचं कोण जपून ठेवतं?"

दादा, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. रोज सांगत होते. वरची पट्टी बघा, लाल म्हणजे सराव, हिरवी म्हणजे खरं. शाळेतलं पोर चुकणार नाही यात. तुझं लक्ष कुठे होतं? एवढ्या वर्षांचं काम आणि पाठवताना एकदा मान वर करून पट्टी बघवली नाही तुला? की माझा वर्ग म्हणजे टाइमपास होता?

वरचं पुन्हा वाचलं. खोडणार होते. खोडत नाही, कारण मला तसं वाटलं होतं हे खरं आहे. पण तेवढंच खरं नाही. प्रत भरलेली दिसली तेव्हा मी ती उघडून बघायला हवी होती. पहिल्याच पानावर वाटाणा दिसला असता, आणि बॅचमध्ये वाटाण्याचं कोणीच नव्हतं. मी बघितलं नाही, कारण मला ते लवकर आटपून खोलीवर जायचं होतं. खोलीवर तरी काय होतं, देव जाणे. आणि वही सोडायला तुला मीच भाग पाडलं. एक हंगाम दोन्ही चालू ठेव म्हणाले असते तर माझं काय बिघडलं असतं? पण तसं म्हटलं की शिकवण्यावर माझाच विश्वास नाही असं दिसतं, म्हणून म्हणत नाही. कोणालाच म्हणत नाही.

बी अजून पिशव्यांत असेल तर वजनं पुन्हा करता येतील. फुलोऱ्याचं काय करायचं ते मला सुचत नाही. काहीतरी लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल.

टिल्लू

•

२ जुलै

प्रिय टिल्लू,

उत्तराला उशीर झाला. पिशव्या पुन्हा तोलत होतो. बी सगळं जागेवर होतं, वजनं मिळाली. पाठवताना आमच्या टायपिस्टबाईंना शेजारी बसवलं. त्या म्हणाल्या, "पट्टी हिरवी आहे, साहेब." मी म्हटलं, "तुम्ही म्हणता तर असेल." आता पोचलेली दिसत असतील.

फुलांच्या नोंदी गेल्या त्या गेल्या. एका अर्थी बरं झालं, त्या फारशा भरवशाच्या नव्हत्याच. हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही.

दुसरी गोष्ट. जानेवारीत समितीचे एक सभासद शेत बघून गेले होते, त्यांचा शेरा आता आलाय. पांढऱ्या वाणात काही झाडं फिकट गुलाबी फुलांची आढळली, भेसळ काढण्यात निष्काळजीपणा. शेरा चुकीचा आहे असं मला म्हणता येत नाही. त्यांनी बोट दाखवलं तेव्हा मी मान डोलावली.

तेव्हा असं ठरवतोय की नोव्हेंबरात पेरणी करायची, पण पाहणीच्या आधी वाण मागे घ्यायचं. उगाच चार लोकांसमोर शोभा कशाला? तुझ्या पुसण्याचा यात काही संबंध नाही. खरंच नाही. तू ते मनाला लावून घेऊ नकोस, तुला लहानपणापासून ती खोड आहे. बरणी कोणी फोडली विचारलं की न फोडणारी तूच रडायला लागायचीस.

इकडे यायचं म्हणशील तर येऊ नकोस. घर पसरलंय.

दादा

•

११ नोव्हेंबर

ती. दादा,

मधल्या महिन्यांत तुला पत्रं लिहिली आणि फाडली. सगळ्यांत मी स्वतःलाच झोडपलं होतं, आणि त्याने तुझं एक झाडही वाचणार नव्हतं. आज वेगळ्या कारणासाठी लिहिते.

काल नवी बॅच सुरू झाली. सवयीप्रमाणे सांगितलं, लाल पट्टी सराव, हिरवी पट्टी खरं. कांद्यावर काम करणारे एक उंच गृहस्थ आहेत, त्यांनी हात वर केला. "मॅडम, मला दोन्ही पट्ट्या मातीच्याच दिसतात. लाल-हिरवं कळत नाही मला. दुसरी काही खूण आहे का?" इतक्या सहज, जणू खिडकी लावू का विचारतायत. शेजारचे म्हणाले, "मग सिग्नलला काय करता हो?" ते म्हणाले, "वरचा दिवा की खालचा ते बघतो. आणि बायको ओरडते." वर्ग हसला. मी फळ्याकडे तोंड करून उगीच काहीतरी पुसत राहिले.

दादा, तू गेलास त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी शेताचा रंगीत नकाशा शिकवला होता. चांगले प्लॉट हिरवे, वाईट लाल. एकेकाला उठवून विचारलं होतं, यातले हिरवे दाखवा. तुझ्यापर्यंत आले आणि चहाची वेळ झाली. मी म्हटलं होतं, "दादा, आता उद्या तू."

"तुम्ही म्हणता तर असेल." समितीवाल्यांनी बोट दाखवल्यावर डोलावलेली मान. तू एकही भेसळीचं झाड सोडणारा माणूस नाहीस, आणि वहिनी गेल्यानंतरच्या पहिल्याच फुलोऱ्यात ती राहिली. फुलोरा आला की वहिनी घर टाकून तुझ्याबरोबर शेतात असायची. आम्ही तिला "दादाचं शेपूट" म्हणायचो. तिच्या तोंडावर म्हणायचो. ती नुसती हसायची.

तुला रंग दिसत नाहीत का रे?

सांगायचं नसेल तर सांगू नकोस. पण पाणी द्यायचं होतं असं मात्र लिहू नकोस.

टिल्लू

•

२४ नोव्हेंबर

प्रिय टिल्लू,

दिसतात, पण तुला दिसतात तसे नाहीत. निळा पक्का दिसतो, पिवळा दिसतो. लाल आणि हिरवा एकमेकांच्या घरात राहतात. फिकट गुलाबी तर माझ्यासाठी नाहीच, ते पांढऱ्यात जमा.

लग्नानंतर तुझ्या वहिनीने शिवायला हिरवा दोरा मागितला होता, मी तपकिरी आणला. परत पाठवलं, तर दुसरा तपकिरी आणला. तिने दोन्ही रिळं हातात धरली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "असं आहे होय." झालं. त्यानंतर त्यावर आमचं बोलणं झालं नाही. कपडे ती काढून ठेवायची. भाजी ती निवडायची. कुणाला संशय यायच्या आत ती बोललेली असायची.

शेतात ती शेपूट नव्हती. ती पुढे चालायची, शेजारच्या ओळीतून. पांढऱ्या फुलाला आम्ही गोरी म्हणायचो, गुलाबीला लाजरी. हे शब्द तिचेच. ती चालता चालता बोलायची: गोरी, गोरी, गोरी, गोरी, लाजरी! मी लाजरी उपटायचो. मजूर बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. त्यांना वाटायचं, या वयातही साहेब-बाईंचं काय चाललंय. मला ते चालायचं. रंगांधळ्यापेक्षा रंगेल बरा.

तुला का नाही सांगितलं? आधी नोकरी जाईल अशी भीती होती. रंग न दिसणारा पैदासकार म्हणजे बहिरा तबलजी. पुढे भीती गेली, पण तोवर मला रंग दिसतात असं सगळ्यांना वाटून इतकी वर्षं झाली होती की ते मोडवेना. तिच्यामुळे मोडायची गरजही पडली नाही. लपवायला दोन माणसं असली की ते लपवणं वाटत नाही. घरातली एक गोष्ट वाटते.

गेल्या जानेवारीत एकटा फिरलो. प्रत्येक झाडापुढे थांबायचो, फूल हातात धरायचो, उन्हात, सावलीत. मग टॅबवर लिहायचो, पांढरं. सगळीकडे पांढरं लिहिलं. तू पुसलंस ते हे होतं. म्हणून म्हटलं बरं झालं. ते खऱ्या प्रतीत गेलं असतं तर माझ्या हातची पहिली खोटी नोंद ठरली असती. पट्टी कोणत्या रंगाची, हे मी बघितलंच नाही असं नाही. बघितली. मला वाटलं, हिरवी असावी.

बायांना विचारता आलं असतं. पण "हे फूल कोणत्या रंगाचं" असं साहेबाने विचारायचं म्हणजे काय, कळतंय ना? आणि समजा विचारलं, त्या "गुलाबी" म्हणाल्या असत्या. बरोबरच म्हणाल्या असत्या. पण माझा हात त्या शब्दाला हललाच नसता बहुतेक.

पेरणी झाली, उगवण छान आहे. पुढच्या महिन्याच्या अखेरीपासून फुलं लागतील. वाण मागे घ्यायचं पत्र टाईप होऊन टेबलावर आहे. सही करायला घेतो आणि पेन चालत नाही म्हणून दुसरं शोधतो. दुसरं चालतं.

तुझ्या त्या कांदेवाल्यांना नमस्कार सांग. त्यांची बायको ओरडत राहो.

दादा

•

३ डिसेंबर

ती. दादा,
नमस्कार.

पत्र खोलीवर वाचलं आणि मग बाहेर पडले. फाटकापर्यंत गेले, परत आले. शेपूट म्हणायला सुरुवात कोणी केली ते आठवायचा प्रयत्न केला. मीच केली असेन असं वाटतं. पण आता मी स्वतःला झोडपत बसणार नाही, कारण त्यात पुन्हा सगळं माझ्याचबद्दल होतं. एवढं तरी या वर्षात शिकले.

सव्वीस तारखेपासून रजा मंजूर झालीय. मी येतेय. विचारत नाही, कळवते. फुलोरा संपेपर्यंत राहीन. घर पसरलेलं असेल तर पसरलेलंच असू दे.

तुझ्यासाठी येतेय, की बॅच गेल्यावरचा तो खुर्च्या उलट्या ठेवलेला पंधरवडा टाळायला, याचा खूप विचार केला. प्रामाणिक उत्तर असं की दोन्ही. कुठलं किती हे ठरवता येईना, तेव्हा ठरवायचा नाद सोडला. तुला चालत असेल असं धरून चालते.

माझ्याकडून मोठ्या अपेक्षा ठेवू नकोस. वर्गात मी वाटाण्याचे फोटो दाखवते, शेतातला वाटाणा बघून जमाना झाला. माझी चाल हळू आहे. आणि एक आधीच सांगते. मी शेजारच्या ओळीतून चालेन, पण गोरी-लाजरी म्हणणार नाही. ते शब्द तुमचे. मी नुसतं "हे" म्हणेन, बोट दाखवीन आणि थांबेन. तुझा हात हलला नाही तर पुन्हा म्हणेन. पुन्हा हलला नाही तर आपण दोघं थोडा वेळ तिथे उभे राहू, मग मी उपटेन.

नोंद मात्र खरी करायची. प्रत्येक निरीक्षणापुढे "कोणी पाहिलं" असा रकाना असतो. आमच्या वर्गात त्यावर कोणी पाच मिनिटंही देत नाही, सगळे आपलं नाव टाकतात आणि पुढे जातात. या फुलोऱ्यात त्या रकान्यात माझं नाव लागेल. समितीतल्या कोणी विचारलं तर का ते तू सांग, नाहीतर सांगू नकोस. पण माझं नाव काढायचं नाही. आणि खऱ्या प्रतीत तुझ्या मागच्या दहा हंगामांच्या फुलांच्या नोंदी आहेत, वहीवरून आमच्याच लोकांनी चढवलेल्या. काल उघडून बघितल्या. सगळीकडे "कोणी पाहिलं" मध्ये तू आहेस. वहिनी कुठेच नाही. हे बदलता येतं, त्याचा अधिकार माझ्याकडे आहे, तरी तू म्हटल्याशिवाय हात लावणार नाही. नाही म्हणालास तरी मला समजेल. विचार कर, घाई नाही.

एका गोष्टीची घाई आहे. टेबलावरच्या त्या कागदावर मी येईपर्यंत सही करू नकोस. दोन्ही पेनं न चालणारी ठेव.

आपल्या पट्ट्यांवर आता शब्द आलेत, जाड अक्षरांत: सराव, खरं. सर्व्हरवाला म्हणाला, "इतक्या वर्षांत कोणी तक्रार केली नव्हती, बाई." मी म्हटलं, "करणार नाहीतच."

तुझ्याकडे वाटाण्याला सकाळी पाणी देतात की संध्याकाळी, हे इतकं ऐकूनही मला अजून माहीत नाही. चिखल असणार एवढं कळतं.

उद्या: बाजारात जाऊन गमबूट आणणे.

तुझी,
टिल्लू